मेम्ब्रेनच्या बातमीत वाहकतेसोबत आर्द्रता, जाडी आणि तासही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

हायड्रोजनवर चालणाऱ्या बसगाड्या, हरित हायड्रोजनचे करार, त्यासाठीची अनुदाने यांच्या बातम्या आता वरचेवर वाचायला मिळतात. त्यांच्या जोडीला इंधनघटासाठी, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या घटासाठी, ‘नाफिऑनपेक्षा सरस’ मेम्ब्रेन तयार झाल्याची बातमीही अधूनमधून असते. मेम्ब्रेन म्हणजे घटाच्या मधला पातळ पडदा, आणि नाफिऑन हा त्यासाठीचा नेहमीचा पॉलिमर. अशा बातमीत बहुधा एकच आकडा दिलेला असतो, प्रोटॉन वाहकतेचा, म्हणजे पडद्यातून प्रोटॉन किती सहज जातात त्याचा. तो आकडा सहसा खराच असतो. पण तो कोणत्या तापमानाला, किती आर्द्रतेत, किती जाडीच्या मेम्ब्रेनवर आणि कोणत्या दिशेने मोजला, हे सांगितलेले नसेल तर त्यावरून काहीही ठरवता येत नाही. आम्ही पॉलिमर रसायन आणि इंधनघट या विषयांत काम करणारी माणसे आहोत. पॉलिमरमध्ये सिलिकासारखा अकार्बनी घटक मिसळून केलेली हायब्रिड मेम्ब्रेन हा विषय आपल्याकडच्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांनाही झेपणारा आहे, आणि म्हणूनच तो नेमका कसा तपासायचा हे वाचकांसमोर यावे असे आम्हाला मनापासून वाटते. पत्र लांबले आहे, पण आकडे दिल्याशिवाय हा विषय सांगता येत नाही.

इंधनघटात एका बाजूने हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूने हवा. ॲनोडवरच्या, म्हणजे हायड्रोजनच्या बाजूच्या इलेक्ट्रोडवरच्या, प्लॅटिनमवर हायड्रोजनचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन सुटे होतात. इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून मोटर फिरवून हवेच्या बाजूच्या कॅथोडला पोहोचतात, प्रोटॉन मधल्या मेम्ब्रेनमधून जातात, आणि कॅथोडवर ऑक्सिजनशी गाठ पडून पाणी बनते. मेम्ब्रेनने प्रोटॉनला वाट द्यायची, इलेक्ट्रॉनला अजिबात द्यायची नाही आणि दोन्ही वायूंना एकमेकांत मिसळू द्यायचे नाही. हे सगळे ८० अंश सेल्सिअसच्या आसपास, तीव्र आम्लाच्या सान्निध्यात, गाडी जितक्या वेळा चालू-बंद होईल तितक्या वेळा भिजत आणि सुकत करायचे असते.

१९६५ मध्ये जेमिनी-५ यानात जनरल इलेक्ट्रिकचे इंधनघट गेले तेव्हा त्यांत सल्फोनेटेड पॉलिस्टायरिनचे मेम्ब्रेन होते आणि ते लवकर खराब होई. ड्यूपाँटच्या नाफिऑनने हा प्रश्न बराचसा सोडवला. टेफ्लॉनसारखा फ्लोरिनयुक्त कणा आणि त्याला लोंबणाऱ्या साखळ्यांच्या टोकांना सल्फोनिक आम्लगट, अशी त्याची रचना आहे. कणा पाण्यापासून दूर राहतो, आम्लगट पाणी ओढतात, आणि पाण्याच्या काही नॅनोमीटर रुंदीच्या वाहिन्या आपोआप तयार होतात. प्रोटॉन या वाहिन्यांतून धावतात. उकळत्या पाण्यात ठेवलेल्या नाफिऑनमध्ये प्रत्येक आम्लगटामागे पाण्याचे सुमारे २२ रेणू असतात, संपृक्त वाफेत सुमारे १४, आणि ३० टक्के आर्द्रतेत जेमतेम तीन-चार. त्याबरोबर वाहकताही कित्येक पटींनी कोसळते. नाफिऑनची अडचण इथेच आहे. ते पाण्यावर चालते, म्हणून १०० अंशांच्या खाली राहावे लागते.

महाराष्ट्रात ही अडचण केवळ पुस्तकी राहत नाही. एक घट ०.६५ व्होल्टवर चालवला तर हायड्रोजनमधली साधारण निम्मी ऊर्जा विजेत आणि उरलेली उष्णतेत जाते. म्हणजे बससाठी ६० किलोवॉटचा स्टॅक (एकाला एक जोडलेल्या घटांचा संच) धरला तर सुमारे ५५ किलोवॉट उष्णता बाहेर टाकावी लागते. डिझेल इंजिनाची पुष्कळ उष्णता सायलेन्सरवाटे निघून जाते. इंधनघटाची बहुतेक सगळी रेडिएटरमधूनच जायला हवी. स्टॅक ८० अंशांना आणि नागपूर-चंद्रपूरची मे महिन्यातली हवा ४५ अंशांना, तेव्हा हाताशी फक्त ३५ अंशांचा फरक उरतो. मेम्ब्रेन ११० ते १२० अंशांना, कमी आर्द्रतेत चालले तर हाच फरक दुपटीवर जातो, रेडिएटर लहान होतो आणि हायड्रोजनमधला कार्बन मोनॉक्साइडही प्लॅटिनमला कमी बाधतो. हायब्रिड मेम्ब्रेनवर जगभर एवढे काम होण्यामागे हे मोठे कारण आहे.

आता जाडीविषयी. बातम्यांतून सर्वांत जास्त गाळली जाते ती हीच गोष्ट. मेम्ब्रेनचा दर चौरस सेंटिमीटरमागचा रोध म्हणजे जाडी भागिले वाहकता. नाफिऑन-११७ सुमारे १७५ मायक्रॉन जाड असते. पूर्ण भिजलेल्या अवस्थेत वाहकता ०.१ सीमेन्स प्रति सेंटिमीटर धरली तर रोध ०.१७५ ओहम चौरस सेंटिमीटर येतो, आणि दर चौरस सेंटिमीटरला एक अँपिअर प्रवाह घेतला की १७५ मिलिव्होल्ट तिथेच खर्च होतात. नाफिऑन-२१२ साधारण ५० मायक्रॉनचे, त्यात ५० मिलिव्होल्ट जातात. टोयोटाच्या मिराई गाडीतले गोर कंपनीचे मेम्ब्रेन सुमारे १० मायक्रॉनच्या घरातले आहे. त्यात नुकसान १० मिलिव्होल्टच्या आसपास येते. समजा, एखाद्या प्रयोगशाळेने नाफिऑनच्या तिप्पट वाहकतेचे, पण ५० मायक्रॉन जाडीचे मेम्ब्रेन केले. त्याचा रोध भरतो ०.०१७, म्हणजे या १० मायक्रॉनच्या मेम्ब्रेनपेक्षा जास्तच. वाहकता तिप्पट करणे फार अवघड आहे. मजबुती वाढवून जाडी पाचव्या हिश्श्यावर आणणे उद्योगाला आधी जमले, आणि तेही सच्छिद्र, ताणलेल्या टेफ्लॉनच्या जाळीत आयनोमर (नाफिऑनसारखा आम्लगट असलेला पॉलिमर) भरून. खरे तर बाजारात सर्वांत यशस्वी झालेले संमिश्र मेम्ब्रेन हेच आहे. आपल्याकडच्या संशोधन प्रस्तावांत मात्र जाळीचा, मजबुतीचा विचार फार क्वचित दिसतो आणि सगळा भर फिलरवर, म्हणजे पॉलिमरमध्ये मिसळायच्या घटकावर, असतो.

फिलर कशासाठी घालतात आणि त्यात काय बिघडते, ते सांगतो.

सर्वांत सोपा फिलर म्हणजे सिलिका. टेट्राइथॉक्सीसिलेन हे द्रव पॉलिमरच्या द्रावणात घातले की पॉलिमरच्याच आम्लामुळे त्याचे पाण्याशी विघटन होते आणि जागच्या जागी सिलिकाचे बारीक कण तयार होतात. सिलिका पाणी धरून ठेवते आणि मेम्ब्रेनचे फुगणे आटोक्यात आणते. पण साध्या सिलिकेत आम्लगट नसतात. ती जितकी घालाल तितके एकूण आम्ल विरळ होते, म्हणून १०० टक्के आर्द्रतेत मोजल्यास वाहकता बहुधा घटलेलीच दिसायला हवी. फायदा दिसला तर तो ३० ते ५० टक्के आर्द्रतेत दिसेल. सिलिकेवरच आम्लगट बसवायचे असतील तर मर्कॅप्टोप्रोपिल गटाचे सिलेन वापरून नंतर हायड्रोजन पेरॉक्साइडने त्यातल्या गंधकाचे ऑक्सिडीकरण करतात. ही पायरी अर्धवट राहिली तर गंधक आहे पण आम्ल नाही अशी स्थिती होते. मूलद्रव्यांच्या तपासणीत आकडा छान येतो, टायट्रेशनमध्ये कमी येतो. म्हणून दोन्ही करायला हवेत.

दुसरा प्रकार फॉस्फोटंगस्टिक आम्लासारख्या हेटेरोपॉली आम्लांचा. वाहकता हमखास वाढते. पण ही आम्ले पाण्यात सहज विरघळतात, आणि इंधनघट तर स्वतःच पाणी तयार करतो. काही तासांत आम्ल धुऊन जाते, मागे पोकळ्या राहतात. सीझियमची अर्धवट क्षारावस्था करून किंवा सिलिकेवर बांधून ते टिकवता येते. टिकले की नाही हे कळायला मेम्ब्रेन २४ तास उकळत्या पाण्यात ठेवून आधीचे आणि नंतरचे वजन, आम्लक्षमता (दर ग्रॅममागे किती आम्लगट) आणि त्या पाण्यातले टंगस्टन, तिन्ही मोजले पाहिजे. झिर्कोनियम फॉस्फेट विरघळत नाही, मेम्ब्रेनला ताठरपणा देते. वाहकतेत मात्र त्याची भर बेताची असते.

ग्राफिन ऑक्साइडचा सध्या फार बोलबाला आहे आणि आम्हाला त्याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. त्याच्या पापुद्र्यांचा कल मेम्ब्रेन सुकताना आडवे बसण्याकडे असतो. मेम्ब्रेनच्या पृष्ठालगत, आडव्या दिशेने मोजलेली वाहकता त्यामुळे चांगली दिसते. प्रोटॉनला प्रत्यक्षात जायचे असते जाडीच्या दिशेने, आणि तिथे हेच पापुद्रे आडवे येतात. शिवाय उष्णतेने किंवा हायड्रोजनच्या सान्निध्यात त्याचे क्षपण होऊन (त्यातला ऑक्सिजन निघून जाऊन) ते इलेक्ट्रॉन वाहू लागण्याचा धोका असतो. तसे झाले तर घट आतल्या आत शॉर्ट होतो. ग्राफिन ऑक्साइडच्या मेम्ब्रेनची आडव्या दिशेतली वाहकता एवढाच निष्कर्ष असेल, तर तो छापण्यापूर्वी दोनदा विचारावे.

आता बनवण्याची रीत. फ्लोरिन नसलेल्या मेम्ब्रेनसाठी सर्वांत सोयीचे पॉलिमर म्हणजे पॉलिइथर इथर कीटोन, बोलीभाषेत पीक. ते आपल्या शेजारी, गुजरातेत पानोलीला बनते. घरडा केमिकल्सने उभा केलेला हा व्यवसाय पुढे सोल्वे कंपनीने विकत घेतला. पाच ग्रॅम पीक पावडर १०० अंशांना व्हॅक्यूममध्ये रात्रभर सुकवायची. मग १०० मिलिलिटर, ९५ ते ९८ टक्क्यांच्या गंधकाम्लात ती थोडी थोडी टाकत खोलीच्या तापमानाला यांत्रिक ढवळणीने विरघळवायची. एकदम टाकली तर गाठी होतात, गाठीचा बाहेरचा थर सल्फोनेट होतो, म्हणजे त्याला सल्फोनिक आम्लगट चिकटतात, आणि आतला कोरा राहतो. पूर्ण विरघळल्यावर ५० अंशांना चार ते सहा तास ठेवले की साधारण ६० ते ७० टक्के सल्फोनेशन मिळते, म्हणजे साखळीच्या शंभर कड्यांपैकी तितक्यांवर आम्लगट बसतो. आम्लाची नेमकी तीव्रता आणि पावडरचा दर्जा यांप्रमाणे वेळ बदलते, म्हणून दर तासाला थोडा नमुना काढून पाहावा. धूम्र गंधकाम्लाच्या वाटेला जाऊ नये. त्याने साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि तुटतातही. आम्लात असलेले थोडे पाणी ही जोडणी रोखते.

हे द्रावण बर्फाच्या पाण्यात बारीक धारेने ओतायचे, पाणी सतत ढवळत. क्रम उलटा कधीही करायचा नाही. धार जाड पडली की पॉलिमरचे जाड दोर होतात आणि त्यांच्या पोटात आम्ल अडकून राहते. ते कितीही धुतले तरी लवकर निघत नाही आणि पुढे आम्लक्षमतेचा आकडा खोटा फुगवते. धुण्याचे पाणी ६ ते ७ पीएचला येईपर्यंत पाणी बदलत राहायचे. या कामाला दिवस लागतात, घाई करून भागत नाही. हे आम्लपाणी नाल्यात सोडू नये. १०० मिलिलिटर तीव्र गंधकाम्ल उदासीन करायला सुमारे १३५ ग्रॅम विरी गेलेला चुना लागतो.

आम्लक्षमता मोजायला ०.३ ग्रॅम सुकी फिल्म ५० मिलिलिटर एक मोलर मिठाच्या पाण्यात २४ तास ठेवतात आणि सुटलेले आम्ल ०.०५ मोलर कॉस्टिक सोड्याने फिनॉल्फ्थॅलिन घालून मोजतात. ६० टक्के सल्फोनेशनला दर ग्रॅममागे १.७८ मिलिइक्विव्हॅलंट यायला हवे, म्हणजे कॉस्टिक सुमारे १०.७ मिलिलिटर लागेल. ७० टक्क्यांना २.०३, ८० टक्क्यांना २.२७. तुलनेसाठी, नेहमीच्या नाफिऑनचे ०.९१ असते. आकडा दुप्पट म्हणजे वाहकताही दुप्पट, असा समज करून घेऊ नये. पीकवरचा सल्फोनिक गट नाफिऑनवरच्या गटापेक्षा दुबळे आम्ल आहे आणि पाण्याच्या वाहिन्याही अरुंद, वेड्यावाकड्या असतात, त्यामुळे पाणी कमी झाले की तो नाफिऑनच्याही आधी हार मानतो. सल्फोनेशन ८० टक्क्यांच्या पुढे नेले तर मेम्ब्रेन गरम पाण्यात बेसुमार फुगते, १०० टक्क्यांना चक्क विरघळते. फिलरची गरज पडते ती इथे: सल्फोनेशन ६५ ते ७५ टक्क्यांपर्यंत न्यायचे आणि फुगणे सिलिकेने रोखायचे.

एक ग्रॅम पॉलिमर नऊ ग्रॅम डायमिथाइल ॲसिटामाइड किंवा एन-मिथाइल पायरोलिडोनमध्ये विरघळवावा. डायमिथाइल फॉर्मामाइड स्वस्त पडते म्हणून अनेक जण ते वापरतात. पॉलिमरमध्ये गंधकाम्ल उरलेले असेल तर सुकवताना ते द्रावक फुटून डायमिथाइल अमीन तयार होते, आणि ते आम्लगटाला चिकटून बसते. मेम्ब्रेन दिसायला निर्दोष, वाहकता मात्र गेलेली. मेम्ब्रेनमध्ये पाच टक्के सिलिका हवी असेल तर एक ग्रॅम पॉलिमरला टेट्राइथॉक्सीसिलेन सुमारे ०.१८ ग्रॅम, म्हणजे ०.२ मिलिलिटरच्या आसपास पुरते. ते थेंबाथेंबाने घालून काही तास बंद बाटलीत ढवळावे. १० टक्क्यांपलीकडे गेले की फिल्म ठिसूळ होते, घडी घातली की तडकते. तयार नॅनोपावडर घातली असेल तर कण गुठळ्या करून तळाशी बसतात; सुकल्यावर फिल्म एका बाजूला वळते, ती याचीच खूण. द्रावण गाळून, हवेचे बुडबुडे काढून, समपातळी केलेल्या काचेवर ५०० मायक्रॉन फटीच्या ब्लेडने ओढले की सुकल्यावर साधारण ३५ ते ४० मायक्रॉनची फिल्म मिळते. आधी ६० अंशांना रात्रभर, मग ८०, शेवटी १२० अंशांना व्हॅक्यूममध्ये. सुरुवातीलाच उष्णता वाढवली तर वर साय धरते, खालचे द्रावक फोड आणते.

पावसाळ्याबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण परदेशी शोधनिबंधांत ते क्वचितच सापडते. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात, मुंबईत, पुण्यातही उघड्यावर फिल्म ओढली तर ही द्रावके हवेतले पाणी भराभर शोषतात. पॉलिमर वेळेआधी बाहेर पडून फिल्म दुधाळ आणि सच्छिद्र होऊ शकते. टेट्राइथॉक्सीसिलेनचे विघटनही अवेळी वेगाने होते. दुधाळ फिल्म वायू अडवत नाही. बंद पेटीत सिलिका जेल आणि कोरड्या नायट्रोजनची बारीक धार ठेवून आतली आर्द्रता ४० टक्क्यांखाली ठेवावी. जानेवारीत जमलेली कृती जुलैत फसली, तर संशय आधी हवेचा घ्यावा.

काचेवरून सोडवलेली फिल्म एक मोलर गंधकाम्लात दिवसभर आणि मग शुद्ध पाण्यात ठेवतात. नाफिऑन आधी तीन टक्के पेरॉक्साइडमध्ये गरम करण्याची पद्धत आहे, ती इथे जशीच्या तशी उचलू नये. पीकच्या इथर जोडांवर पेरॉक्साइड हल्ला करते.

मोजमापात गफलत होते ती बहुधा अशी. एक चौरस सेंटिमीटर, ४० मायक्रॉन फिल्मचा जाडीच्या दिशेतला रोध ०.०४ ओहमच्या घरात असतो. तारांचा आणि जोडांचाच रोध तेवढा किंवा त्याहून जास्त असू शकतो. दोन-तीन वेगवेगळ्या जाडीच्या फिल्म मोजून रोध विरुद्ध जाडी असा आलेख काढावा. उतारावरून वाहकता मिळते आणि छेदावरून जोडांचा रोध कळतो. आडव्या दिशेने चार टोकांनी मोजणे सोपे असते, कारण तिथे रोध सुमारे २,५०० ओहम येतो, पण त्या दिशेचा भरवसा किती ते वर सांगितलेच आहे. जाडीही फुगलेल्या अवस्थेतली धरली की सुक्या, हे लिहिले पाहिजे. फिल्म भिजून तीस टक्के जाड झाली आणि हिशेब सुक्या जाडीने केला, तर आडव्या मापनात वाहकता तेवढ्याच पटीने जास्त दिसते.

‘१२० अंशांना उत्तम वाहकता’ असे वाचले की आर्द्रता विचारावीच. १२० अंशांना पाण्याचा संपृक्त बाष्पदाब सुमारे १९८ किलोपास्कल असतो, वातावरणाचा दाब १०१. म्हणजे दाब न वाढवता, भोवती निव्वळ वाफ ठेवली तरी आर्द्रता साधारण ५१ टक्क्यांवर जात नाही, आणि त्यात हवेला किंवा हायड्रोजनला जागाच उरत नाही. ८० अंशांच्या ह्युमिडिफायरमधून वायू सोडला तर १२० अंशांच्या घटात आर्द्रता फक्त २४ टक्के असते. ‘१२० अंश, १०० टक्के आर्द्रता’ असा दावा असेल तर घट दोन वातावरणांच्या आसपास दाबाखाली होता का, हा पहिला प्रश्न.

वाहकतेनंतर गळती. ॲनोडला हायड्रोजन, कॅथोडला नायट्रोजन सोडून कॅथोडचे विभव हळूहळू, सेकंदाला एक-दोन मिलिव्होल्टने, ०.५ व्होल्टपर्यंत वाढवायचे. आलेख सपाट झाला की त्या जागचा प्रवाह म्हणजे पलीकडे निसटलेला हायड्रोजन. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने ठेवलेले लक्ष्य दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिअँपिअरचे आहे. आलेख सपाट न होता चढतच राहिला तर मेम्ब्रेन इलेक्ट्रॉन वाहते आहे असे समजावे. निसटणारा हायड्रोजन इंधन वाया घालवतोच, शिवाय ऑक्सिजनशी गाठ पडून पेरॉक्साइड आणि त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात. लोखंडाचा अंश असला की ती क्रिया वेगावते. स्टीलच्या जोडण्यांमधून आलेले काही पीपीएम (दहा लाखांत काही भाग) लोखंडही पुरते. रॅडिकल मेम्ब्रेन कुरतडतात, छिद्र पडते, गळती वाढते, आणखी रॅडिकल बनतात. सिरियमचे आयन किंवा सिरियम ऑक्साइडचे कण हे रॅडिकल मारतात. प्रत्येक सिरियम आयन तीन आम्लगट अडवतो, म्हणून मात्रा अगदी थोडी ठेवावी लागते, आणि तो कालांतराने मेम्ब्रेनमध्ये एका जागेवरून दुसरीकडे सरकतोही.

टिकाऊपणाच्या दोन चाचण्या त्याच ऊर्जा विभागाने नेमून दिल्या आहेत. ९० अंश आणि ३० टक्के आर्द्रतेत, प्रवाह न घेता ५०० तास. आणि दर दोन मिनिटांनी कोरडी-ओली हवा बदलत २०,००० आवर्तने. दुसरीला अखंड चालवले तरी ५५ दिवस लागतात. पहिल्या चाचणीत रसायनशास्त्र हरते, दुसरीत यंत्रशास्त्र: गॅस्केटच्या कडेला मेम्ब्रेन फुगून-आकसून थकते आणि तिथेच फाटते. पेरॉक्साइड आणि लोखंडाच्या द्रावणात फिल्म काही तास बुडवण्याची बाटलीतली चाचणी चाळणी म्हणून ठीक आहे, तिच्यावरून गाडीतले आयुष्य सांगू नये. शिवाय मेम्ब्रेन चांगले असूनही घट वाईट निघू शकतो. इलेक्ट्रोडमध्ये बहुधा नाफिऑनच बांधणी म्हणून असते. १३० अंशांना तीन मिनिटे गरम दाबाखाली नाफिऑन नाफिऑनला चिकटते, सल्फोनेटेड पीक मात्र त्या तापमानाला मऊ पडत नाही. वरून दोघांचे फुगणे वेगळे. मग इलेक्ट्रोड सुटतो आणि दोष मेम्ब्रेनच्या माथी येतो.

आकारमानाचे एवढेच सांगतो. ३०० चौरस सेंटिमीटरचा एक घट १९५ वॉट देतो असे धरले तर ६० किलोवॉटला ३०८ घट लागतात, म्हणजे नऊ चौरस मीटरहून जास्त मेम्ब्रेन, आणि त्यात सुईच्या टोकाएवढेही एक छिद्र चालत नाही. पेट्री डिशमधल्या तळहाताएवढ्या फिल्मवरून इथवर यायला ओतकामाचे, गाळणीचे, स्वच्छ खोलीचे कौशल्य लागते. त्याला शोधनिबंध मिळत नाही, पण त्याशिवाय उत्पादनही होत नाही.

हे सगळे आत्ताच का, तर फ्लोरिनयुक्त पॉलिमरांचा पुरवठा निर्धास्त राहिलेला नाही. २०२३ च्या जानेवारीत जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे यांनी या सर्व कुळाच्या रसायनांवर निर्बंधांचा प्रस्ताव युरोपीय रसायन संस्थेकडे दिला. त्याआधी, डिसेंबर २०२२ मध्ये, थ्री-एम कंपनीने २०२५ अखेर या उत्पादनातून बाहेर पडण्याचे जाहीर केले होते. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सीएसआयआर (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) आणि केपीआयटी ही पुण्यातली कंपनी यांनी मिळून केलेल्या इंधनघट मोटारीची चाचणी २०२० मध्ये झाली, २०२२ मध्ये बस आली. स्टॅक बांधण्याची विद्या इथे रुजते आहे. अशा वेळी मेम्ब्रेनसाठी परदेशाकडे पाहत राहणे आम्हाला परवडणारे वाटत नाही.

राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेच्या १९,७४४ कोटींपैकी संशोधनासाठी ४०० कोटी ठेवले आहेत. त्यातला आणि राज्याच्या हायड्रोजन धोरणातला काही भाग नवी फिलर शोधण्याऐवजी सामाईक चाचणी केंद्रांवर खर्च व्हावा अशी आमची मागणी आहे. पुणे, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे प्रत्येकी एक केंद्र पुरे. प्रत्येक ठिकाणी २५ चौरस सेंटिमीटरच्या घटांच्या चाचणीचे किमान चार बाक, आर्द्रता आणि दाब नियंत्रणासह. एका बाकाला पूर्ण भारावर मिनिटाला साधारण २६० मिलिलिटर हायड्रोजन आणि ८३० मिलिलिटर हवा लागते, म्हणजे गॅसचा खर्च आवाक्यातला आहे. चारांपैकी दोन बाक फक्त ५०० तासांच्या आणि २०,००० आवर्तनांच्या चाचण्यांना राखून ठेवावेत, नाहीतर दीर्घ चाचण्या कायम रांगेत मागे पडतील. रात्रंदिवस चालणाऱ्या चाचणीला अखंड वीज आणि हायड्रोजन गळती सूचक हवेत, आणि सर्वांत आधी पगारी तंत्रज्ञ हवेत. ही कामे विद्यार्थ्यांच्या रात्रपाळीवर सोडू नयेत. कोणत्याही महाविद्यालयाने १० बाय १० सेंटिमीटरच्या पाच फिल्म पाठवाव्यात, सोबत एक नाफिऑन-२१२ त्याच बाकावर त्याच दिवशी मोजावे, आणि निकाल चांगला-वाईट जसा असेल तसा खुला ठेवावा.

आपल्या वार्ताहरांना विनंती अशी की मेम्ब्रेनची पुढची बातमी करताना संशोधकांना पाच आकडे मागावेत: भिजलेली जाडी, ८० अंश आणि ५० टक्के आर्द्रतेतली जाडीच्या दिशेची वाहकता, हायड्रोजनची गळती, प्रत्यक्ष घटात चाललेले तास, आणि शेजारी ठेवून मोजलेल्या नाफिऑनचे हेच चार आकडे. एखादा आकडा अजून मोजलेला नसेल तर तसेच छापावे. त्यात संशोधकांचा कमीपणा नाही.

आपले,
पॉलिमर रसायन व इंधनघट क्षेत्रांत काम करणारे काही वाचक,
पुणे